‘बेली’ : पोटासाठीच्या इंग्रजी शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत आपण ‘स्टमक म्हणजे पोट’ एवढं पाठ करतो आणि पुढे ‘बेली’, ‘टमी’, ‘ॲब्डोमेन’, ‘गट’, ‘पॉन्च’ असे शब्द भेटायला लागले की गोंधळतो. या सगळ्यांत ‘बेली’ हा सर्वांत जुना घरचा शब्द नाही, पण त्याचा प्रवास सर्वांत लांबचा आहे. तो मुळात शरीराच्या भागाचं नाव नव्हताच. ते कातडी पिशवीचं नाव होतं. ही एक गोष्ट धरून ठेवली, की विमानाची बेली, व्हायोलिनची बेली, लोहाराचा भाता आणि थेट अर्थमंत्र्यांचं बजेट यांचे धागे जुळायला लागतात.

‘बेली’ म्हणजे नेमकं काय? पोट, जठर की ओटीपोट?

माणसाच्या बाबतीत बेली म्हणजे बरगड्यांच्या खालपासून कंबरेच्या हाडापर्यंतचा शरीराचा पुढचा भाग. म्हणजे आपलं ‘पोट’, बाहेरून दिसणारं आणि हाताला लागणारं. त्याच्या आतल्या ज्या पिशवीत अन्न जातं ती स्टमक, मराठीत जठर. बोलताना इंग्रज माणूसही पोटाला सर्रास स्टमक म्हणतो, पण उलटं सहसा होत नाही. जठराला अल्सर झाला तर तो ‘स्टमक अल्सर’च असतो, त्याला ‘बेली अल्सर’ कुणी म्हणत नाही.

ओटीपोटाला वेगळा एकच शब्द नाही. ‘लोअर बेली’ किंवा ‘लोअर ॲब्डोमेन’ म्हणावं लागतं.

याशिवाय बेलीचे आणखी अर्थ आहेत. सुटलेलं पोट: ‘ही हॅज अ बेली’ म्हणजे त्याचं पोट सुटलंय. प्राण्याची जमिनीकडची बाजू: मगरीची, सापाची, माशाची बेली. आणि वस्तूचा फुगीर किंवा पोकळ भाग: शिडाची, जहाजाची, बाटलीची बेली. हा शेवटचा अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून लिखाणात सापडतो.

हा शब्द आला कुठून?

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण इसवी सन 1150 पूर्वीच्या इंग्रजीत, ‘बॅल्ग’ किंवा ‘बेल्ग’ असा शब्द होता. त्याचा अर्थ कातडी पिशवी, थैली, भाता, आणि शेंगेचं टरफलसुद्धा. या शब्दाचे भाऊबंद सगळ्या जर्मानिक भाषांत आहेत. जर्मनमध्ये ‘बाल्ग’ म्हणजे प्राण्याचं सोललेलं कातडं आणि भाताही. डच भाषेत भात्याला ‘ब्लासबाल्ग’ म्हणतात. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेत, ‘बेल्गर’ म्हणजे पिशवी.

सगळ्यांत जुना लेखी पुरावा गॉथिक या आता लोप पावलेल्या जर्मानिक भाषेतला आहे. चौथ्या शतकात बिशप वुल्फिलानं बायबलचं गॉथिक भाषांतर केलं. ‘नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यांत भरू नये’ या प्रसिद्ध वचनात त्यानं बुधल्यासाठी ‘बाल्ग्स’ हाच शब्द वापरला आहे. बकऱ्याचं अखंड कातडं सोलून, पाय बांधून, त्यात द्राक्षारस भरायचे. असा भरलेला बुधला डोळ्यांसमोर आणला, की पुढे त्याचं ‘पोट’ का झालं हे वेगळं सांगायला नको.

याही मागे गेलं तर अभ्यासक भारोपीय, म्हणजे संस्कृत, ग्रीक, इंग्रजी यांच्या सामाईक मूळ भाषेतला, धातू मांडतात: ‘भेल्घ्’, अर्थ फुगणे. याच धातूपासून जुन्या इंग्रजीत ‘बेल्गन’ असं क्रियापद होतं आणि त्याचा अर्थ होता रागावणे. ‘बेओवुल्फ’ या जुन्या महाकाव्यात ग्रेंडेल हा राक्षस चिडून येतो तेव्हा त्याला ‘गेबोल्गन’, म्हणजे रागानं फुगलेला, म्हटलंय. मराठीत माणूस रुसून फुगून बसतो, तसंच काहीसं हे.

पिशवीचं पोट नेमकं केव्हा झालं?

टप्प्याटप्प्यानं. तेराव्या शतकात हा शब्द ‘शरीर’ या अर्थानं येऊ लागला, जणू शरीर म्हणजे आत्म्याची पिशवी. चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो आकसून ‘पोट’ एवढ्यावर आला. जर्मन, डच, स्वीडिश या भाषांत हाच शब्द पिशवी-भात्याच्या अर्थात राहिला. त्यांच्याकडे पोटासाठी वेगळे शब्द आहेत: जर्मनमध्ये ‘बाउख’, स्वीडिशमध्ये ‘मागे’ आणि ‘बुक’. पोटाचा रोजचा शब्द म्हणून त्याला खुर्ची मिळाली ती इंग्रजीत.

चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसर या इंग्रज कवीनं ‘कँटरबरी टेल्स’ लिहिलं. त्यात एक धर्मोपदेशक खादाडपणावर तुटून पडतो आणि ओरडतो: ‘ओ वूम! ओ बेली! ओ स्टिंकिंग कॉड!’ तिन्ही शब्दांचा रोख एकच, पोट. ‘वूम’ हा तेव्हाचा जुना शब्द. ‘बेली’ नवा. ‘कॉड’ म्हणजे पुन्हा पिशवी किंवा शेंग. माशाचा इथे संबंध नाही. जुना शब्द आणि नवा शब्द एका ओळीत शेजारी उभे असल्याचा इतका सुंदर पुरावा क्वचितच मिळतो.

दुसरा पुरावा बायबलच्या भाषांतरांतला. योना माशाच्या पोटात तीन दिवस आणि तीन रात्री होता, ही गोष्ट. 1380च्या दशकातल्या विक्लिफ बायबलमध्ये तो माशाच्या ‘वूम’मध्ये आहे. 1611च्या किंग जेम्स बायबलमध्ये तो माशाच्या ‘बेली’त आहे. मधल्या सव्वादोनशे वर्षांत सत्तांतर पूर्ण झालेलं दिसतं.

पण सीमा लगेच पक्की झाली नाही. त्याच 1611च्या बायबलमध्ये यिर्मयाच्या पुस्तकात देव म्हणतो, ‘मी तुला बेलीमध्ये घडवण्यापूर्वीच ओळखत होतो’. इथे बेली म्हणजे गर्भाशय. आपण ‘मूल पोटात असताना’ म्हणतो तसंच. आजच्या इंग्रजी भाषांतरांत तिथे ‘वूम’ असतं.

म्हणजे ‘वूम’ हा शब्द आधी पोटासाठी होता?

हो. जुन्या इंग्रजीत ‘वाम्ब’ किंवा ‘वोम्ब’ हा पोटाचा साधा शब्द होता, पुरुषांच्या पोटालाही. बेलीनं ती जागा घेतली आणि वूम गर्भाशयापुरता उरला. स्कॉटलंडच्या बोलीत ‘वेम’ या रूपात तो पोटाच्या अर्थानं टिकून आहे.

आणखी दोन जुने शब्द होते. ‘मागा’ म्हणजे जठर, जो आज ‘मॉ’ बनून हिंस्र प्राण्याच्या जबड्या-घशासाठी वापरला जातो. आणि ‘ह्रिफ’ म्हणजे पोट. हा एकटा कधीच मेला, पण ‘मिडरिफ’ या शब्दाच्या शेपटीत अजून जिवंत आहे. मिडरिफ म्हणजे मूळचा ‘मधलं पोट’, म्हणजे छाती आणि पोट यांमधला पडदा. फॅशनवाल्यांनी विसाव्या शतकात तो उघड्या कंबरपट्ट्यासाठी उचलला.

‘बेली’ आणि लोहाराचा ‘बेलोज’ एकच शब्द आहे, हे खरं का?

अगदी खरं. भात्याचं जुनं नाव ‘ब्लॅस्टबेल्ग’, म्हणजे फुंकायची पिशवी. पुढे नुसतं ‘बेल्ग’ म्हणू लागले. मग एकाच शब्दाची दोन रूपं कशी झाली? कारण शेवटचा ‘ग’.

जुन्या इंग्रजीत ‘ग’ दोन प्रकारे उच्चारला जाई. काही ठिकाणी तो टाळूकडे सरकून ‘य’ होई, काही ठिकाणी घशाकडे राहून पुढे ‘व’सारखा होई. ‘डॅग’चं ‘डे’ झालं ते पहिल्या प्रकारानं. ‘सोर्ग’चं ‘सॉरो’ आणि ‘फोल्गियन’चं ‘फॉलो’ झालं ते दुसऱ्या प्रकारानं. बेल्गच्या एकवचनी रूपात ‘ग’चा ‘य’ होऊन ‘बेली’ आलं. अनेकवचनी ‘बेल्गस’मध्ये ‘ग’चा ‘व’ होऊन ‘बेलोज’. सोळाव्या शतकापर्यंत दोघांनी आपापली कामं वाटून घेतली: एकानं शरीर, दुसऱ्यानं भट्टी. बेलोज आजही रूपानं अनेकवचनी आहे, भाता एकच असला तरी.

‘बेली’तला शेवटचा ‘ई’ हा ‘टमी’, ‘डॉगी’, ‘मम्मी’तल्यासारखा लाडाचा प्रत्यय आहे का?

नाही, आणि ही चूक फार लोक करतात. बेलीतला ‘ई’ म्हणजे वर सांगितलेल्या ‘ग’चा उरलेला अवशेष. टमीतला ‘ई’ मात्र लाडाचाच. लहान मुलाला ‘स्टमक’मधलं ‘स्ट’ हे जोडाक्षर जमत नाही, म्हणून ‘स’ गळला; शेवटचा ‘क’ गेला; लाडाचा ‘ई’ लागला; झालं ‘टमी’. हा शब्द छापील इंग्रजीत 1860च्या दशकापासून दिसतो. म्हणजे बेलीच्या तुलनेत अगदी कालचं पोर.

या कुटुंबात आणखी कोणते शब्द आहेत?

‘बिलो’, म्हणजे समुद्राची फुगलेली लाट. हा नॉर्स ‘बिल्ग्या’वरून आला. ‘बोल्स्टर’, म्हणजे लोड किंवा लांब उशी. आणि ‘बल्ज’, म्हणजे फुगवटा.

बल्जची वाट वेगळी आहे. फ्रान्सच्या भागात राहणाऱ्या गॉल लोकांच्या केल्टिक भाषेत कातडी पिशवीला ‘बुल्ग’सारखा शब्द होता. रोमन लोकांनी तो ‘बुल्गा’ म्हणून लॅटिनमध्ये घेतला. लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये ‘बूज’, आणि तिथून इंग्रजीत ‘बल्ज’. आयरिश भाषेत ‘बोल्ग’ म्हणजे आजही पोट आणि पिशवी दोन्ही.

याच फ्रेंच ‘बूज’चं लहानपण दाखवणारं रूप ‘बूजेत’, म्हणजे छोटी कातडी थैली. तेच आपलं बजेट. इंग्लंडमध्ये अर्थमंत्री कागदांची थैली उघडतो, या कल्पनेवरून 1733च्या सुमारास पंतप्रधान वॉलपोल यांच्या करयोजनेच्या निमित्तानं ‘बजेट उघडणं’ हा शब्दप्रयोग गाजला आणि थैलीचं नाव आतल्या हिशेबाला लागलं. भारतातही अर्थमंत्री चामडी ब्रीफकेस घेऊन संसदेत जायचे. 2019 साली निर्मला सीतारामन यांनी लाल कापडातलं बहीखातं आणलं. म्हणजे बजेट आणि बेली हे एकाच धातूचे दूरचे चुलतभाऊ, आणि दोघांचाही उगम कातडी पिशवीत.

संस्कृत किंवा मराठीशी काही नातं आहे का?

धातूच्या पातळीवर आहे. भाषाशास्त्रज्ञ ‘भेल्घ्’ धातूशी संस्कृतातला ‘उपबर्हण’, म्हणजे उशी, आणि अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातला ‘बरेझिश्’, म्हणजेही उशीच, हे शब्द जोडतात. संस्कृतात ‘ल’चा ‘र’ झाला, ‘घ’चा ‘ह’ झाला आणि एका धातूत दोन महाप्राण (‘ह’ मिसळलेले ध्वनी) नकोत या नियमानं सुरुवातीचा ‘भ’ सौम्य होऊन ‘ब’ झाला. ‘भेल्घ्’चं ‘बर्ह्’ असं होतं. भरून फुगवलेली वस्तू हा धागा इंग्रजीतल्या बोल्स्टरलाही लागू पडतो.

‘पोट’ हा शब्द मात्र या घराण्यातला नाही. तो प्राकृतातल्या ‘पोट्ट’वरून आला आहे. मराठीतला ‘भाता’ही वेगळा, तो संस्कृत ‘भस्त्रा’वरून आला. पण गंमत अशी, की भस्त्रा म्हणजेही कातडी पिशवी आणि भाता दोन्ही, बेल्गसारखंच. प्राणायामातली भस्त्रिका त्याच शब्दाची. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता पिशवी आणि भाता यांना एकच नाव दिलं, कारण वस्तूच एक होती.

स्टमक, ॲब्डोमेन, गट, पॉन्च यांत फरक काय?

*स्टमक* ग्रीक ‘स्तोमा’, म्हणजे तोंड, यावरून आला. ‘स्तोमाखोस’ म्हणजे सुरुवातीला घसा, अन्ननलिका. मग अन्ननलिका जिथे उघडते ती पिशवी. लॅटिन आणि फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात इंग्रजीत पोचला. शब्द घशातून खाली घसरत जठरापर्यंत आला, असं म्हणायला हरकत नाही. लॅटिनमध्ये याचा दुसरा अर्थ राग, चीड असाही होता. त्यामुळे सोळाव्या शतकात ‘टू स्टमक’ या क्रियापदाचा अर्थ ‘मनाला लावून घेणे, चिडणे’ होता. नंतर तो फिरून ‘गिळून टाकणे, सहन करणे’ असा झाला, आणि आज तोच उरला आहे.

*ॲब्डोमेन* हा वैद्यकाचा शब्द, सोळाव्या शतकात लॅटिनमधून घेतलेला. सुरुवातीला इंग्रजीत त्याचा अर्थ पोटावरची चरबी होता. आज तो रिपोर्टमध्ये, सोनोग्राफीच्या कागदावर आणि कीटकांच्या वर्णनात असतो. झुरळाला ॲब्डोमेन असतं; गप्पांत माणसाला नसतं.

*गट* अस्सल इंग्रजी शब्द. मूळ अर्थ ओतायचा मार्ग, पन्हळ. म्हणून आतडी. ‘गट्स’ म्हणजे धमक. ‘बिग गट’ म्हणजे ढेरी, आणि हे बोलणं थोडं रांगडं.

*पॉन्च* लॅटिन ‘पांतेक्स’वरून, फ्रेंचमार्गे. अर्थ ढेरी, बहुधा वयानुसार सुटलेली. *पॉट बेली* म्हणजे पुढे आलेलं, मडक्यासारखं पोट.

‘बेली’ असभ्य आहे का?

आज नाही. पण अठराव्या शतकाच्या अखेरपासून इंग्लंड-अमेरिकेच्या सभ्य वर्गाला हा शब्द खटकायला लागला. बायकांसमोर बेली म्हणू नये, लिहू नये, असा दंडक आला. ती पोकळी भरायला स्टमक आणि ॲब्डोमेन ताणले गेले, मुलांचा टमी मोठ्यांनीही उचलला आणि मिडरिफही खेचून आणला गेला. एका जुन्या, ठसठशीत शब्दावर हा अन्याय होता असं आमचं स्पष्ट मत आहे. स्टमकच्या अर्थात आज जो घोळ आहे तो बराचसा त्याच सोवळेपणातून आलेला आहे.

आता व्यवहारात असं धरा. अमेरिकेत मोठ्या माणसांतही बेली सहज चालतं. ब्रिटनमध्ये डॉक्टर साठीच्या पेशंटलाही ‘टमी तपासू का?’ असं विचारतात. त्यात तुम्हाला लहान मूल समजण्याचा भाग नसतो. औपचारिक पत्रात, विमा अर्जात ॲब्डोमेन. गरोदर बाईच्या पोटाला ‘बम्प’ किंवा ‘बेली’. आणि कुणाच्याही तोंडावर ‘यू हॅव अ बेली’ म्हणू नका. मराठीत ओळखीच्या माणसाला ‘पोट सुटलं की रे’ म्हणून जातं, इंग्रजीत ते टोचतं.

परदेशात डॉक्टरला पोटाचं दुखणं इंग्रजीत कसं सांगायचं?

नुसतं ‘स्टमक पेन’ म्हणाल तर डॉक्टर पुढचा प्रश्न ‘कुठे?’ असाच विचारणार. म्हणून जागा आधी सांगा. डॉक्टर बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेघ कल्पून पोटाचे चार भाग करतात. उजवीकडे वर यकृत आणि पित्ताशय. डावीकडे वर जठर आणि प्लीहा. उजवीकडे खाली अपेंडिक्स. डावीकडे खाली मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. ‘राइट’ आणि ‘लेफ्ट’ तुमच्या शरीराचं सांगायचं, समोरच्याच्या बाजूनं नाही. बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलेलं दुखणं असेल, तर ते सरकलं हे आवर्जून सांगा. अपेंडिक्सच्या सुजेत असं बरेचदा होतं आणि तेव्हा उशीर करून चालत नाही.

शब्दशः भाषांतर जिथे हमखास फसतं त्या जागा:

‘पोट साफ होत नाही’ याचं ‘माय स्टमक इज नॉट क्लीन’ करू नका, समोरच्याला काही कळणार नाही. ‘आय ॲम कॉन्स्टिपेटेड’ म्हणा, आणि किती दिवस ते सांगा.

‘लूज मोशन’ हा भारतीय इंग्रजीतला प्रयोग. बाहेर ‘डायरिया’ म्हणा. दिवसातून किती वेळा आणि रक्त पडतं का, हे पुढचे दोन प्रश्न येणारच.

‘ॲसिडिटी’ म्हणजे आपल्याला जे म्हणायचं असतं ते तिकडे ‘हार्टबर्न’, छातीत जळजळ. नुसतं जड वाटत असेल तर ‘इनडायजेशन’. ‘गॅसेस झालेत’ याला ‘आय फील ब्लोटेड’.

‘मुरडा’ म्हणजे ‘क्रॅम्प्स’. कळ येऊन जात असेल तर ‘कम्स अँड गोज’ हे शब्द जरूर वापरा, कारण सलग दुखणं आणि थांबून थांबून येणारी कळ यांची कारणं वेगळी असतात.

‘स्टमक फ्लू’ हा शब्द ऐकून फ्लूची लस आठवू नका. त्याचा इन्फ्लुएन्झाशी संबंध नाही. तो नोरोव्हायरससारख्या विषाणूंमुळे होणारा उलट्या-जुलाबांचा त्रास. ब्रिटनमध्ये त्यालाच ‘टमी बग’ म्हणतात.

बेली-स्टमकचे वाक्प्रचार मराठीत आणताना काय चुकतं?

पोटावरचे वाक्प्रचार दोन्ही भाषांत भरपूर आहेत, म्हणूनच सापळेही भरपूर.

‘फायर इन द बेली’ म्हणजे जिद्द, ईर्ष्या. त्याचं ‘पोटात आग’ केलंत तर मराठी वाचकाला भूक लागल्याचं वाटेल. ‘अंगात रग आहे’, ‘जिद्दीला पेटलाय’ असं काही हवं.

‘बेलीएक’ नाम म्हणून पोटदुखी, पण क्रियापद म्हणून सतत कुरकुर करणे. हा अर्थ 1880च्या दशकात अमेरिकेत रुजला. मराठीत ‘त्याच्या पोटात दुखतं’ म्हणजे मत्सर. शब्द तेच, आजार वेगळा.

‘गो बेली अप’ म्हणजे धंदा बुडणे, दिवाळं निघणे. हे मेलेल्या माशावरून आलं. मासा मेला की कुजताना पोटात वायू साठतो, पोटाकडची बाजू हलकी होऊन वर येते आणि तो उलटा तरंगतो.

‘आय हॅव हॅड अ बेलीफुल’ म्हणजे पोटभर जेवलो नव्हे, तर वीट आला, पुरे झालं. जेवणानंतर यजमानाला हे वाक्य ऐकवू नका.

‘आय कान्ट स्टमक इट’ म्हणजे मला ते सहन होत नाही, पचनी पडत नाही. इथे ‘पचनी पडणे’ छान बसतं. ‘पोटात घालणे’ मात्र नाही. त्यात क्षमा आहे, इंग्रजीत नुसती सहनशक्ती आहे.

‘बटरफ्लाइज इन द स्टमक’ला ‘पोटात फुलपाखरं’ असं हल्ली मराठीत लिहिलं जातं. आमच्या कानाला ‘पोटात गोळा आला’ किंवा ‘धाकधूक होतेय’ हेच खरं वाटतं.

‘अंडरबेली’ म्हणजे कमकुवत, उघडी बाजू. बऱ्याच प्राण्यांचं पोटाकडचं कातडं पाठीपेक्षा मऊ असतं, म्हणून. नोव्हेंबर 1942 मध्ये चर्चिल यांनी संसदेत इटलीच्या बाजूला अक्ष राष्ट्रांची ‘अंडरबेली’ म्हटलं आणि तेव्हापासून हा शब्द राजकारणात घट्ट बसला.

निर्जीव वस्तूंची ‘बेली’ म्हणजे कोणती बाजू?

इथे नेहमी चुकतं, कारण प्रत्येक धंद्यात बाजू वेगळी.

व्हायोलिनची बेली म्हणजे *पुढची*, तारांखालची फळी. ती स्प्रूसच्या लाकडाची, जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची. मागची फळी मेपलची. अमेरिकन कारागीर बेलीला ‘टॉप’ म्हणतात.

धनुष्याची बेली म्हणजे नेम धरणाऱ्याच्या *तोंडाकडची* बाजू. लक्ष्याकडची ती ‘बॅक’. ओढल्यावर बॅकवर ताण येतो आणि बेली दाबली जाते. लाकूड दाबाला कमी पडलं की बेलीवर बारीक आडव्या सुरकुत्या उठतात आणि धनुष्य त्या जागी मोडतं. कारागीर धनुष्य घडवताना मुख्यतः बेलीच तासतो, बॅकला हात लावत नाही, कारण बॅकचे लाकडी तंतू कापले गेले तर ते ताणाखाली चिरतात.

सुरीची बेली म्हणजे टोकाकडे वळत जाणारा धारेचा फुगीर भाग. कातडं सोलायला मोठी बेली लागते. सरळ धारेची सुरी त्या कामात अडते.

स्नायूची बेली म्हणजे दोन टोकांच्या कंडरांमधला जाड मांसल भाग. हनुवटीखाली ‘डायगॅस्ट्रिक’ नावाचा स्नायू आहे. नावातच ‘दोन पोटांचा’ असा अर्थ आहे, आणि त्याला खरोखर दोन बेली असतात.

विमानाची बेली म्हणजे खालची बाजू. चाकं न उघडता पोटावर उतरवणं म्हणजे ‘बेली लँडिंग’. प्रवासी विमानाच्या खालच्या भागात जाणारा माल म्हणजे ‘बेली कार्गो’.

शिडाच्या बाबतीत ते क्रियापदही होतं: वारा भरला की शीड ‘बेलीज आउट’.

‘पोर्क बेली’चा शेअरबाजाराशी काय संबंध?

पोर्क बेली म्हणजे डुकराच्या पोटाकडचा, चरबी आणि मांसाचे थर असलेला तुकडा. खारवून, धुरावून त्याचं बेकन होतं. 1961 साली शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंजनं गोठवलेल्या पोर्क बेलीचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेला द्यायच्या मालाचे आजच भाव ठरवून केलेले सौदे, सुरू केले, एका सौद्यात 40,000 पौंड माल. बेकनची मागणी उन्हाळ्यात वाढते आणि माल गोठवून ठेवता येतो, म्हणून वायद्याची गरज होती. पुढे वर्षभर ताजा माल मिळू लागला, गोठवलेल्या साठ्याचं महत्त्व गेलं, उलाढाल आटली आणि 2011 साली हे वायदे बंद झाले. जुन्या अमेरिकन सिनेमांत सटोडिये ‘पोर्क बेलीज’ ओरडताना दिसतात ते याचमुळे.

‘बेली डान्स’ हे त्या नृत्याचं मूळ नाव आहे का?

नाही. अरबीत त्याला ‘रक्स शर्की’, म्हणजे पूर्वेकडचं नृत्य, म्हणतात. फ्रेंचांनी त्याला ‘दांस द्यू व्हाँत्र’, पोटाचं नृत्य, असं नाव दिलं आणि इंग्रजी नाव त्याचं भाषांतर. 1893च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात ते गाजलं. नृत्याचा भर मुख्यतः कंबर आणि नितंबांच्या हालचालींवर असतो, त्यामुळे हे नाव वर्णन म्हणूनही अपुरंच आहे.

‘डेल्ही बेली’ म्हणजे काय?

भारतात आलेल्या परदेशी प्रवाशाला होणारे जुलाब. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोस्त सैन्यात हा शब्द पसरला. मेक्सिकोत त्याच त्रासाला ‘माँटेझुमाचा सूड’ म्हणतात; माँटेझुमा हा तिथला ॲझ्टेक सम्राट. कारण बहुतेक वेळा दूषित पाण्या-अन्नातले ई. कोलाय जीवाणू. दिल्लीचा यात विशेष दोष नाही. ‘डेल्ही’ आणि ‘बेली’ यांचं यमक जुळलं एवढंच.

लिहिताना आणि बोलताना काय सांभाळायचं?

उच्चारात पहिला ‘बे’ ऱ्हस्व. मराठीत ‘बेल’ म्हणताना ‘बे’ लांबतो. तसा लांबवलात तर ऐकणाऱ्याला ‘बेली’ऐवजी ‘बेलीफ’मधला ‘बेली’ ऐकू येईल. ‘स्टमक’च्या स्पेलिंगमध्ये शेवटी ‘च’ दिसत असला तरी उच्चार ‘क’च, ग्रीक मुळामुळे, ‘स्टमॅच’ नव्हे. ‘वूम’मधला शेवटचा ‘ब’ मुका असतो. ‘ॲब्डोमेन’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर.

अनेकवचन करताना बेलीचा शेवटचा ‘वाय’ जाऊन ‘आय-ई-एस’ येतं, आणि विशेषण करताना ‘आय-ई-डी’: ‘पॉट-बेलीड’, ‘यलो-बेलीड’. दुसऱ्याचा अर्थ भित्रा.